शक्यता नाकारता येत नाही

आमगावच्या फलाटावर गाडी येईपर्यंत बाबांनी माझा सदरा पाठीमागून मुठीत धरून ठेवला होता. मी लग्न झालेला, मिशी राखलेला माणूस. बाजूला माझी बायको शालू उभी, तिच्या पायाशी ट्रंक आणि तांदळाची गोणी, आणि समोरून ओळखीची माणसे रामराम घालत जात होती. तरी बाबा सदरा सोडीनात. बैलाचा कासरा धरावा तसा त्यांनी तो धरला होता. मी रुळांवर पडेन अशी त्यांना भीती होती, आणि ती निराधार होती असे मला आजही म्हणता येणार नाही. गाडी दिसू लागली तेव्हा ते एवढेच म्हणाले, "पाण्यापासून दूर राह्यजो. बाकी जग कोरडंच हाये." मग त्यांनी शालूला जवळ बोलावले आणि सदऱ्याची तीच जागा तिच्या मुठीत दिली. अशा रीतीने माझा ताबा एका हातातून दुसऱ्या हातात गेला आणि मी गाव सोडले.

ही हकीकत सन १९९९ ची. तुमच्यापैकी जे गावात राहिले ते, आणि जे माझ्यासारखे बाहेर पडून नागपूर, पुणे, हैदराबादला जाऊन बसले ते, अशा सर्वांसाठी मी हे लिहीत आहे. तुम्ही पोटासाठी गेलात, कोणी शिक्षणासाठी गेले, कोणी भावकीच्या भांडणाला कंटाळून गेले. मी कोरड्या जमिनीच्या शोधात गेलो. माझ्या जाण्याविषयी गावात आजवर जे बोलले गेले त्यातील बरेचसे चुकीचे असल्यामुळे वस्तुस्थिती एकदा क्रमाने मांडणे मला आवश्यक वाटते.

आपल्याकडे आषाढापासून दिवाळीपर्यंत जमीन अशी दिसतच नाही. धानाच्या बांधीत पाणी, दोन बांध्यांमधल्या धुऱ्याच्या दोन्ही अंगांना पाणी, आणि त्या पाण्यात वाकलेल्या बाया. त्या वर्षी रोवणीच्या दिवसांत मी पऱ्ह्याच्या रोपांच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन धुऱ्यावरून चाललो होतो. कानात घागर भरल्यासारखा आवाज झाला, उजेड लहान होत होत एका ठिपक्याएवढा उरला, आणि त्यानंतरचे मला सांगता येत नाही. शुद्ध आली तेव्हा बायांनी मला केसाला धरून चिखलातून वर काढले होते. त्यांतली एक म्हातारी, जी नात्याने माझी आत्या लागते, मी डोळे उघडलेले पाहून म्हणाली, "काय गा, पऱ्हा लावाचा होता, थोबाड नाही." सगळ्या बाया हसल्या. मीही हसलो. बाबा मात्र धुऱ्यावर खाली बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

असे पडणे त्याआधीही झाले होते. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत, एकदा पंगतीत वाढता वाढता भाताच्या गंजावर. परंतु ते सर्व कोरड्यावर. बांधीतल्या हातभर पाण्यात मी पालथा पडलो आणि आसपास कोणी नसले तर काय होईल, हे बाबांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्या दिवसापासून मला बांधीत उतरण्याची मनाई झाली. ज्याला पावसाळाभर बांधीत उतरता येत नाही तो धानाच्या घरात राहून करणार काय? बायांसोबत निंदण करावे तर तेही पाण्यातच. भास्करदादा, माझा थोरला भाऊ, एकटा नांगर धरी आणि मी ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे अर्ज लिहून देई. नववीनंतर माझी शाळा सुटली होती हे खरे. पण अक्षर आणि मजकुराची बांधणी या दोन बाबतींत पंचक्रोशीतले मास्तरसुद्धा माझ्याकडे येत, हेही तितकेच खरे. त्याच वर्षी गोंदिया जिल्हा वेगळा झाला होता. नवी कार्यालये उघडली, आणि जेथे कार्यालय तेथे अर्ज. बाबांनी निर्णय घेतला.

गोंदिया शहरात तहसीलच्या आवाराबाहेर टिनाच्या शेडखाली मी टेबल मांडले आणि शहरालगत कुडव्याला खोली घेतली. शहर म्हणजे सगळे हिंदी. गावात लोक मला "काय गा" म्हणत. येथे पक्षकार "वकील साहब" म्हणू लागले. मी वकील नाही हे प्रत्येकाला सांगत बसणे कामाच्या गर्दीत शक्य नव्हते. फेरफार, वारसान, अतिक्रमण, पीक-नुकसान, नवऱ्याची तक्रार, सुनेची तक्रार, सर्व प्रकारचे मजकूर मी तयार केले, आणि माझा मजकूर अपुरा म्हणून परत आला असे सहसा घडले नाही. जमीन कोरडी होती. बाबांच्या अंदाजात चूक एवढीच होती की कोरड्या जमिनीवरही माणूस पडतो, आणि तेथे माणसे जास्त असतात.

पडलो की शेडखाली "गिर गया, गिर गया" असा पुकारा होई. त्यानंतर जे घडे ते मी नुसत्या वासावरून सांगू शकतो. कोणीतरी चप्पल काढून माझ्या नाकाला लावी. कोणी समोरच्या ठेल्यावरून कांदा आणून फोडी. कोणी हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबी. मिरगीवर हाच उपाय, असे आपल्या गावात मानतात आणि शहरातही मानतात. या एका बाबतीत मला स्थलांतराचा काही फरक जाणवला नाही. मी शुद्धीवर येतो तो दरवेळी कोणाच्या तरी चपलेच्या वासात. वर आणखी, ज्याची चप्पल असे तो पुढे कित्येक दिवस, माझ्यामुळे वाचलात, अशा नजरेने बघे आणि अर्ज फुकट लिहून मागे.

यावर उपाय म्हणून मी टेबलाला एक पाटी लावली. "प्रस्तुत अर्जनवीस बेशुद्ध झाल्यास त्यांच्या नाकास पादत्राण लावण्यात येऊ नये, मुखात पाणी अथवा अन्य पदार्थ घालण्यात येऊ नये, तसेच त्यांना एका कुशीवर वळविण्यात यावे." मजकुरात उणे काढायला जागा नव्हती. पुढच्या खेपेला मी शुद्धीवर आलो तेव्हा चप्पल नाकालाच होती, आणि ती धरणारा इसम पाटीकडे बघून शेजाऱ्याला विचारत होता, "ये पादत्राण क्या होता है?" शालूने त्या संध्याकाळी पाटी उतरवली आणि दुसरीवर खडूने लिहिले: जूता मत सुंघाओ, करवट दो. त्यानंतर चपलांचे प्रमाण कमी झाले. माझी पाटी मी खोलीत जपून ठेवली आहे. भाषा अजूनही तिचीच बरोबर आहे.

आता डॉक्टरांविषयी. गोंदियातल्या पहिल्याने कमजोरी सांगून ताकदीची बाटली दिली. नागपूरच्या एकाने डोक्याला चिकट मलम फासून तारा लावल्या, दिवा लुकलुकवला, आणि म्हणाला, रिपोर्ट नॉर्मल. दुसऱ्याने बोगद्यासारख्या यंत्रात घातले. रिपोर्ट नॉर्मल. तिसऱ्याला शंका हृदयाची. त्याने छातीला यंत्र बांधून घरी पाठवले. ते यंत्र अंगावर होते तोवर मी असा ठणठणीत राहिलो की आयुष्यात राहिलो नव्हतो. यंत्र परत करून बाहेर आलो आणि दवाखान्याच्याच पायरीवर पडलो. प्रत्येक डॉक्टर विचारतो, पडल्यावर नेमके काय होते? मी त्यांना दरवेळी नम्रपणे सांगतो की त्या वेळी मी हजर नसतो. मग साक्षीदार विचारतात. हातपाय झाडले आणि तोंडाला फेस आला, असे पानठेलेवाल्याचे म्हणणे. तो फेस नव्हता, नुकताच प्यालेला चहा होता, आणि हात थोडा थरथरला एवढेच, असे शालूचे म्हणणे. इतकी विसंगत साक्ष घेऊन कोणतेही प्रकरण टिकत नाही, हे मला कोणी सांगायला नको.

शेवटी सर्वांनी मिळून जे वाक्य मला दिले ते असे: मिरगीची शक्यता नाकारता येत नाही. मी आयुष्यभर वाक्ये तयार केली आहेत. हे वाक्य लिहिणारा कशालाच बांधला जात नाही आणि ज्याच्याविषयी लिहिले तो मात्र जन्मभर बांधला जातो. असल्या मजकुराखाली मी माझ्या कोणत्याही पक्षकाराला सही करू दिली नसती. तरीही त्या एका वाक्याच्या आधारावर मला गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी झोप येई, अंग सुजे, आणि नेमका हवा तो शब्द लिहिता लिहिता निसटून जाई. मोटरसायकल चालवण्यास बंदी आली. कुडव्यातला प्रत्येक पुरुष स्वतःच्या गाडीवर बायकोला मागे बसवून शहरात जातो. मी शालूच्या स्कूटीवर मागे बसून, दप्तर पोटाशी धरून जातो. रस्त्यात खड्डा आला की ती म्हणते, "अजी, जागे हाय ना?" पडणे मात्र थांबले नाही. कमी झाले असेल, नसेलही.

हे सारे मी सोसले. जे सोसले नाही ते पुढे सांगतो.

बाहेर गेलेल्यांना मंडईची जत्रा आठवत असेल. दिवाळी झाली की आपल्याकडे प्रत्येक गाव आपापला दिवस धरते. घराघरांत पाहुणे, चौकात दंडारीचा ढोल, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकाने. सासरी गेलेल्या लेकी आणि शहरात गेलेले लेक त्या दिवशी येतातच. मी वर्षात एकदाच पुरता गावचा होई, तो मंडईला. आणि पाहुण्यांच्या त्याच गर्दीत सोयरिकीही जमतात, हे तुम्ही जाणता. बाबा गेल्यानंतर काही वर्षांनी, दादाची मुलगी वैशाली लग्नाला आली. मंडईच्या दिवशी तिला पाहायला लोक आले. चहा झाला, पसंतीच्या खुणा दिसू लागल्या, आणि मी पानसुपारीचे तबक घेऊन जाता जाता मुलाच्या मामाच्या पायाशी पडलो. त्याने, अर्थातच, चप्पल काढली. आठवड्याने निरोप आला की पोरगी चांगली आहे, पण घरात मिरगी आहे.

दादा कुडव्याला आला. तो कधी येत नसे. खुर्चीवर न बसता दाराच्या उंबऱ्याशी बसला, आणि शालूने दिलेला चहा थंड होऊ दिला.

"राग नोको मानू," तो म्हणाला. "वैशूचं जमेपर्यंत मंडईले नोको येऊ."

मी विचारले, मला मिरगी आहे असे कोणत्या डॉक्टरने सांगितले?

"नाही असं तरी कोनं सांगतलं?"

दादा निघून गेला. त्या वर्षी मंडईच्या दिवशी मी टेबल मांडून बसलो, आणि एकही अर्ज मला धड लिहिता आला नाही. पुढल्या वर्षीही तसेच. मी काही गुन्हा केला असता तर शिक्षेची मुदत तरी ठरली असती.

मग मी ठरवले की काय ते एकदा निश्चित करून घ्यायचे. "सदर इसमास मिरगी हा आजार नाही" असा दाखला मी स्वतःच तयार केला आणि नागपूरला एका तरुण डॉक्टरीण बाईंपुढे सहीसाठी ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मराठी फार छान आहे तुमचे, म्हणाल्या. मग कागद माझ्याकडे सरकवला.

"सही नाही करता येणार, काका. असेलही, नसेलही. मला माहीत नाही, एवढंच मी लिहून देऊ शकते."

इतकी वर्षे एकाही डॉक्टरने हे शब्द उच्चारले नव्हते. त्या बाई प्रामाणिक होत्या, हे मला तेथेच कळले, आणि तरी मला त्यांचा विलक्षण राग आला. "माहीत नाही" असा दाखला घेऊन मी कोणत्या पाहुण्याच्या तोंडावर मारणार होतो? त्यांनी गोळी बदलून दिली, जिने झोप कमी येते. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

दरम्यान वैशाली पुढच्या शिक्षणासाठी गोंदियाला आली आणि आमच्याकडेच राहू लागली. दादाने मला गावात येऊ दिले नाही, पण मुलगी माझ्या घरी ठेवली. आपल्या माणसांचे असेच असते, आणि त्यावर मी काही लिहीत नाही. तिने पहिल्यांदा मला पडताना पाहिले तेव्हा ती ओरडली नाही, असे शालू सांगते. तिने मला कुशीवर वळवले, डोक्याखाली स्वतःची ओढणी घातली आणि तेथेच जमिनीवर बसून एक हात माझ्या पाठीवर ठेवून पुस्तक वाचत राहिली. मी डोळे उघडले तेव्हा पान उलटून म्हणाली, "झालं का काका? चाय ठेवू?" पडून उठल्याची लाज मला वाटली नाही, असे इतक्या वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदाच झाले.

तिरोड्याकडचे एक स्थळ आले. ते मंडईलाच येणार होते. दादाचा फोन वैशालीला आला तेव्हा मी समोर बसलो होतो. ती म्हणाली, काका आल्याशिवाय मी चहा घेऊन बाहेर येणार नाही. पलीकडून दादा जोरात बोलत होता, त्यामुळे मलाही ऐकू आले: "अन पडला त?"

"पडले त पडले. उचलीन, मंग चाय आनीन."

मग दादाने विचारले, किती वाजताच्या गाडीने येता?

त्या मंडईला मी घराच्या फाटकातून आत पाऊल टाकले आणि माझे डोके फिरले. आजाराने नव्हे, संतापाने. अंगणभर धान झोडल्यावर उरणारी तणस. ओसरीवर तणस, त्यावर सतरंज्या. विहिरीच्या वाटेवर तणस, न्हाणीच्या दारात तणस, तुळशीभोवती तणस. ज्या घरात लहानपणी चाऱ्यावर चुकून पाय पडला तर बाबा कानशिलात देत, त्या घरात जनावरांच्या तोंडचा चारा पाहुण्यांच्या पायांखाली पसरलेला. हलका धान नुकताच चुरून झालेला होता. ताजी, पिवळी, कुसळे उभी असलेली तणस. ती टोचत होती, नाकात जात होती. मला शिंका सुरू झाल्या. प्रत्येक शिंकेला सारे घर माझ्याकडे बघे. मी पाणी प्यायला उठलो की दोघेतिघे उठत. चौकातला दंडारीचा नाच सोडून शेजारपाजारची माणसे आमच्या कुंपणाशी उभी होती, आणि त्यांना मुलगी पाहायची नव्हती, हे मला पुरते माहीत होते. एवढा अपमान सहन करून मी त्या दिवशी, छातीवरच्या यंत्राच्या वेळच्या नियमाप्रमाणे, पडलो नाही.

वैशाली चहा घेऊन आली. मुलाचे वडील जाडजूड गृहस्थ, बशीत चहा ओतून पिणारे. त्यांनी घोट घेतला आणि सरळ मलाच विचारले, "तुमाले चक्कर येते म्हंते. नाव काय त्या बिमारीचं?"

माझ्याजवळ उत्तर तयार होते, लांबलचक, मुद्देसूद. मी तपासण्या सांगितल्या, यंत्रे सांगितली, गोळ्या सांगितल्या, कोण काय म्हणाले ते सांगितले. त्यांनी सर्व ऐकले.

"म्हणजे मालूम नाही," ते म्हणाले.

"नाही," मी म्हणालो.

"बरं." त्यांनी बशी खाली ठेवली. "पोरीले सांगा, चाय चांगला झाला."

सोयरीक जमली. तिन्हीसांजेला पाहुणे गेले तसा मी दादावर घसरलो. हा काय प्रकार, म्हटले. बैल आता ही तुडवलेली तणस तोंडात धरणार आहेत का? पाहुण्यांना पीक दाखवायचे होते का? दादा दाताळ्याने तणस ओढत राहिला. वहिनी मात्र न राहवून म्हणाली, "भाऊजी, पहाटपासून आंथरून राहिले ते. जठी जठी तुमी चालान, तठी तठी. विहिरीपाशी त दोनदा टाकली, तठी दगडाची फाडी हाये म्हणून."

दादाने दाताळे भिंतीला टेकवले, कमरेवर हात ठेवले आणि अंगणाकडे बघत, खरोखर चिडून, म्हणाला, "पडाचं त होतं. एवढी मेहनत वाया गेली."

त्याला आता काही वर्षे झाली. वैशाली तिरोड्याकडे सुखात आहे. माझा रिपोर्ट नॉर्मल आहे. मी कुडव्यातच राहतो, आणि मला तेथून हलायचे नाही. माझे टेबल, माझे पक्षकार, खडूने लिहिलेली पाटी शहरात आहे. खोलीला चांगली फरशी आहे, गावच्या शेणामातीपेक्षा कितीतरी स्वच्छ. पण दर मंडईला मी गावी जातो आणि दर मंडईला तणस पसरलेली असते. मी दरवर्षी तक्रार करतो. कपड्यांना कुसळे लागतात, शिंका थांबत नाहीत, चारा वाया जातो, लोक हसतात. एकही तक्रार विचारात घेतली जात नाही. साऱ्या जिल्ह्यात माझे म्हणणे इतके सपशेल फेटाळले जाते असे हेच एक ठिकाण आहे, आणि घर म्हणून कोणी विचारले तर मी त्याचाच पत्ता लिहितो.

गेल्या मंडईला मी पडलो. विहिरीच्या वाटेवर. तोंडात तणस, कानात ढोल, अशा अवस्थेत डोळे उघडले. कोणाची चप्पल नव्हती. मी कुशीवर होतो. डोक्याशी दादा उकिडवा बसलेला, आणि वहिनीला मोठ्या समाधानाने सांगत होता, "पाह्य, म्हनलं नव्हतं? अठीच पडन."